चिकटलेला कॉन्टॅक्ट आणि कामगाराची बोटं

प्रेस मशीनवर बोटं जाणं हा एमआयडीसी असलेल्या कुठल्याही गावाला नवा विषय नाही. पण मशीनला वेळेवर थांबवायला माणूस कसा शिकला, हेही माहीत हवं.

१८४४ मध्ये ब्रिटनच्या कायद्याने गिरण्यांतल्या यंत्रांना संरक्षक कुंपण सक्तीचं केलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात तेच कलम २१ होतं. पुढे विजेची मशीनं आली, लाल बटण आलं. गोची एकच: आतल्या साध्या रिलेचा कॉन्टॅक्ट तापून चिकटला, तर बटण दाबूनही मशीन चालूच!

१९८७ मध्ये जर्मनीच्या पिल्झ कंपनीने 'पीएनओझेड' हा सेफ्टी रिले आणला. त्यात एकाला एक जोड असते. एक कॉन्टॅक्ट चिकटला तरी दुसरा वीज तोडतो आणि बिघाड काढेपर्यंत मशीन पुन्हा सुरू होऊ देत नाही. म्हणजे सर्किट स्वतःवरच पहारा ठेवतं.

आणि हा पहाराही काही ठिकाणी वायरचा तुकडा लावून 'बायपास' होतो. कारण काय, तर प्रॉडक्शन अडतं! दीडशे वर्षांची शिकवण वीतभर वायरने पुसली जाते. तुमच्या शॉपमध्ये अशी वायर दिसली, तर एवढंच विचारा: ही कोणाच्या सांगण्यावरून लावली?