पेडण्याचा धावफलक कोण छापणार?

गोव्यातील वर्तमानपत्रे आणि फुटबॉल क्लब यांची मुळे बरीचशी एकाच खनिजात आहेत. चौगुल्यांनी १९६२ साली ‘गोमन्तक’ काढला, धेंप्यांनी १९७० साली ‘नवप्रभा’. धेंपो क्लबही त्यांचाच. हे खाणमालक होते खरे, पण पत्राचे बिऱ्हाड गोव्यातच होते. पुढे ‘गोमन्तक’ पुण्याच्या सकाळ समूहाकडे गेला. मडगावचा ‘राष्ट्रमत’ बंद पडला. बेळगावचा ‘तरुण भारत’, कोल्हापूरचा ‘पुढारी’ यांच्या आवृत्त्या इथे रुजल्या. पाने वाढली, रंग आले, हे नाकारता येणार नाही.

पण क्रीडापानाचे गणित वेगळे असते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटची बातमी वृत्तसंस्थेकडून तयार येते आणि सगळ्या आवृत्त्यांना चालते. पेडण्यातील कबड्डीची किंवा डिचोलीतील टेनिस बॉल क्रिकेटची बातमी तिथल्या वार्ताहरानेच द्यावी लागते, आणि ती दुसऱ्या कुठल्याच आवृत्तीला नको असते. जागा कमी पडली की कात्री तिलाच लागते.

२०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, त्याची देशभर बातमी झाली. गावातला एखादा संघ मोडला तर त्याची नोंद कुठे सापडणार? मला वाटते, मंडळांनी आपले धावफलक आणि कात्रणे तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावीत. नाहीतर उद्या या दोन तालुक्यांच्या खेळांचा इतिहास लिहिणाऱ्याला बक्षिसांचे चषक तेवढे मिळतील, खेळाडूंची नावे मिळणार नाहीत.