विसेंते गेरेरो : साडेआठ महिन्यांचा राष्ट्राध्यक्ष

टेक्सासमध्ये मुले वाढवणाऱ्या मराठी पालकांना शाळेच्या पाठ्यपुस्तकातून अलामोची लढाई चांगलीच परिचयाची झालेली असते. त्या लढाईच्या साडेसहा वर्षे आधी, १५ सप्टेंबर १८२९ रोजी, मेक्सिको सिटीतून निघालेला एक हुकूम मात्र सहसा कोणाच्या वाचनात येत नाही. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता आणि त्या हुकमाने संपूर्ण देशातील गुलामगिरी रद्द केली होती. त्याखाली स्वाक्षरी होती राष्ट्राध्यक्ष जनरल विसेंते गेरेरो यांची.

गेरेरो यांचा जन्म ऑगस्ट १७८२ मध्ये दक्षिणेकडील तिश्त्ला या गावी झाला. त्यांच्या वंशात आफ्रिकी, मूलनिवासी आणि स्पॅनिश असे तिन्ही रक्तप्रवाह मिसळले होते. घरचा व्यवसाय खेचरांवर माल लादून डोंगरवाटांनी वाहून नेण्याचा. आपल्याकडील लमाणांच्या तांड्यांशी त्याचे नाते सहज जुळेल. औपचारिक शिक्षण बेताचेच. परंतु अकापुल्को बंदर आणि राजधानी यांमधील खिंडी, ओढे, वस्त्या आणि तिथल्या बोली त्यांना पाठ होत्या. पुढे हेच ज्ञान त्यांची खरी शिबंदी ठरले.

१८१० मध्ये स्पेनविरुद्ध उठाव झाला आणि वर्ष सरण्यापूर्वीच गेरेरो होसे मारिया मोरेलोस या धर्मगुरू-सेनापतीच्या फौजेत दाखल झाले. डिसेंबर १८१५ मध्ये मोरेलोस यांना गोळ्या घालण्यात आल्या. अनेक सरदारांनी माफी स्वीकारून शस्त्रे खाली ठेवली. गेरेरो यांनी दक्षिणेच्या डोंगरांत गनिमी काव्याने लढा पुढे पाच वर्षे चालू ठेवला. त्यांचे मन वळवण्यासाठी स्पॅनिश व्हाइसरॉयने प्रत्यक्ष त्यांच्या वडिलांनाच पाठवले होते. ‘मायभूमी आधी’ हे त्यांनी वडिलांना दिलेले उत्तर म्हणून परंपरेने सांगितले जाते आणि ते मेक्सिकोच्या संसदेच्या भिंतीवर सुवर्णाक्षरांत कोरलेले आहे.

स्वातंत्र्य अखेर तडजोडीने आले. गेरेरोंना चिरडण्यासाठी धाडलेला राजनिष्ठ सेनानी आगुस्तीन दे इतुर्बिदे याला ते काम जमेना, तेव्हा त्याने पत्रव्यवहार सुरू केला. २४ फेब्रुवारी १८२१ रोजी जाहीर झालेल्या इग्वालाच्या योजनेवर दोघे एकत्र आले. युरोपीय, आफ्रिकी वा मूलनिवासी असा भेद न करता सर्व रहिवासी नागरिक आहेत, असे त्या योजनेचे बारावे कलम सांगत होते. पुढच्याच वर्षी इतुर्बिदे सम्राट होऊन बसला. त्याच्याविरुद्ध उठलेल्या गेरेरोंना जानेवारी १८२३ मध्ये छातीत गोळी लागली. त्या जखमेने त्यांची उर्वरित आयुष्यभर सोबत केली.

इथपर्यंतची कथा कोणत्याही स्वातंत्र्यवीराला शोभेल अशी आहे. १८२८ ची निवडणूक मात्र चरित्रकारांना अडचणीची वाटते, आणि वाटायला हवी. मतदान प्रांतिक विधिमंडळांनी केले. मानुएल गोमेस पेद्रासा यांना अकरा मते मिळाली, गेरेरोंना नऊ. गेरेरोंच्या समर्थकांनी हा निकाल मानला नाही. सांता आना यांनी बंड पुकारले, राजधानीतील शस्त्रागारात उठाव झाला, जमावाने पारियान ही श्रीमंत व्यापारपेठ लुटली आणि गोमेस पेद्रासा पळून गेले. संसदेने ती निवडणूक रद्द ठरवून गेरेरोंना राष्ट्राध्यक्ष व आनास्तासिओ बुस्तामान्ते यांना उपराष्ट्राध्यक्ष नेमले. राज्यघटना लागू होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. सत्तांतराची वैध वाट पहिल्याच कसोटीला मोडली आणि ती मोडण्यात गेरेरोंच्या पक्षाचा हात होता, हे नाकारता येत नाही.

१ एप्रिल १८२९ रोजी ते पदावर आले तेव्हा तिजोरी रिकामी होती. जुलैमध्ये स्पेनने ताम्पिकोजवळ फौज उतरवली. सप्टेंबरमध्ये ती शरण आली. या संकटासाठी संसदेने दिलेल्या विशेषाधिकारांतूनच गुलामगिरीबंदीचा हुकूम निघाला. तो अगदी आटोपशीर होता : गुलामगिरी रद्द, आजवर गुलाम समजले गेलेले सर्वजण मुक्त, मालकांना भरपाई तिजोरीला झेपेल तेव्हा. देशाच्या इतर भागांत गुलामांची संख्या तोवर बरीच घटली होती. खरा धक्का बसला तो टेक्सासला. तिथे अमेरिकेतून आलेले वसाहतकार गुलामांच्या श्रमावर कापूस पिकवत होते. स्थानिक अधिकाऱ्यांनी हुकूम प्रसिद्धच केला नाही, राजधानीकडे विनंत्या धाडल्या आणि २ डिसेंबर रोजी टेक्सासला सूट मिळाली. ती देणारे सरकारही गेरेरो यांचेच होते.

(याच काळात मेक्सिकोतील अमेरिकी राजदूत जोएल पॉइनसेट यांना देशाच्या राजकारणात ढवळाढवळ केल्याबद्दल परत बोलावून घेण्याची विनंती गेरेरोंनी केली. नाताळात आपल्या कचेऱ्यांत ठेवल्या जाणाऱ्या लाल पानांच्या पॉइनसेटिया कुंड्यांना नाव मिळाले आहे ते याच गृहस्थांवरून.)

सूट देऊन दोन दिवस होतात न होतात तोच, ४ डिसेंबरला, उपराष्ट्राध्यक्ष बुस्तामान्ते यांनी बंड केले. गेरेरो फौज घेऊन राजधानीबाहेर पडले आणि त्यांच्या पाठीमागे राजधानी उलटली. कारकीर्द साडेआठ महिन्यांत संपली.

यानंतर संसदेने जे केले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. गेरेरोंची निवड बेकायदा ठरवावी, तर त्याच ठरावाने नेमलेले बुस्तामान्तेही बेकायदा ठरले असते. म्हणून फेब्रुवारी १८३० मध्ये गेरेरो शासन करण्यास ‘नैतिकदृष्ट्या असमर्थ’ असल्याचे घोषित करण्यात आले. या शब्दांना कायद्याच्या सोयीइतकाच वर्णाचा आणि वर्गाचाही वास होता, असे माझे मत आहे. त्यांचा सावळा वर्ण, ग्रामीण बोली आणि अपुरे शिक्षण हे राजधानीतील उच्चभ्रूंच्या चेष्टेचे विषय आधीपासूनच होते.

गेरेरो दक्षिणेच्या डोंगरांत परतले आणि पुन्हा लढू लागले. जानेवारी १८३१ मध्ये अकापुल्कोच्या बंदरात ‘कोलोंबो’ जहाजाचा जिनोआचा कप्तान फ्रान्चेस्को पिकालुगा याने त्यांना जहाजावर जेवायला बोलावले. जेवण आटोपताच त्यांना बांधण्यात आले. या कामासाठी सरकारने पन्नास हजार पेसो मोजले होते. जहाज उआतुल्कोला लागले. गेरेरोंना जिथे सैनिकांच्या ताब्यात दिले, तो किनारा आजही ‘ला एंत्रेगा’, म्हणजे ‘स्वाधीन करणे’, या नावाने ओळखला जातो. ओआहाका येथे लष्करी न्यायालयापुढे खटला चालला आणि १४ फेब्रुवारी १८३१ रोजी कुइलापान येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

निकोलास ब्राव्हो या दुसऱ्या स्वातंत्र्यसेनानीने काही वर्षांपूर्वी सरकारविरुद्ध बंड केले होते. तेव्हा त्यांना हद्दपारीवर सोडण्यात आले होते. ब्राव्हो स्पॅनिश वंशाच्या जमीनदार घराण्यातले होते.

१८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोतून फुटला आणि त्याच्या नव्या राज्यघटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले. मेक्सिकोने १८३७ मध्ये कोणतीही सूट न ठेवता गुलामगिरी पुन्हा रद्द केली. त्यानंतर अमेरिकी यादवी युद्धापर्यंत टेक्सासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रिओ ग्रांदे ओलांडून दक्षिणेकडे जात राहिले.