वळिवडे पोलिश वसाहत

वळिवडे पोलिश वसाहत ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, करवीर तालुक्यातील वळिवडे येथे वसलेली पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश नागरिकांचे वास्तव्य होते.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत संघ यांनी पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत अमलाखालील पूर्व पोलंडमधून १९४०-४१ मध्ये लाखो लोकांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. १९४१ च्या करारानंतर त्यांपैकी काहींची सुटका झाली आणि १९४२ मध्ये ते इराणमध्ये पोहोचले. तेथून अनेकांना भारतात आणण्यात आले. धडधाकट पुरुष सैन्यात गेल्यामुळे वळिवड्यास आलेल्यांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे होते.

रचना व जीवन

वसाहतीत लांबलचक बैठ्या चाळी होत्या. एकेका चाळीत अनेक कुटुंबे राहत. शाळा, चर्च, रुग्णालय व नाट्यगृह यांमुळे छावणीला लहानशा पोलिश नगराचे रूप आले. मुलांचे शिक्षण पोलिश भाषेतच होत असे.

विसर्जन

युद्धानंतर पोलंडच्या सीमा बदलल्या. लव्होव, विल्नो यांसारखी ऐतिहासिक नगरे सोव्हिएत संघात गेली, तर उर्वरित देशात साम्यवादी राजवट आली. घर ज्या प्रदेशात होते तोच परका झाल्याने अनेकांना परतण्यास ठिकाण उरले नाही. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. रहिवासी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत विखुरले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना याच जागी आसरा मिळाला. ती वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते व कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एका देशाच्या निर्वासितांनी सोडलेल्या भूमीवर दुसऱ्या निर्वासितांनी संसार मांडला.

स्मारके

मूळ वास्तूंपैकी फारसे काही उरलेले नाही. त्यामुळे अभ्यासक व पर्यटक प्रामुख्याने कोल्हापुरातील महावीर उद्यानातील स्मारकस्तंभ आणि ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश थडगी पाहतात. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूर संस्थानाच्या आतिथ्याचे स्मरण करणारे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले.