रबराचा भाता

इंजिन बोटीच्या आत आणि गिअर-पंखा बाहेर, ही स्टर्नड्राइव्हची युक्ती अमेरिकन इंजिनियर जिम विन यांची. व्होल्वो पेंटाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ती 'ॲक्वामॅटिक' नावाने मांडली. पंखा आउटबोर्डसारखा वळतो, उचलता येतो, आणि आत मोटारीच्या जातीचं दणकट इंजिन! मला या डोक्याचं भारी कौतुक. पण त्यासाठी बोटीच्या मागच्या भिंतीला, चक्क पाण्याखाली, भोक पाडावं लागलं. ते राखतो रबराचा भाता. तो चिरला की पाणी आधी युनिव्हर्सल जॉइंट गंजवतं, मग थेट बोटीत. म्हणून जाणता मेकॅनिक दरवर्षी त्याची घडी न् घडी ताणून बघतो. (गिअरचं तेल दुधाळ दिसलं तर मात्र सील गेलं समजा, भात्याला बोल लावू नका!)