कागद गेले, फिल्म उरली

कागद जाळला की प्रकरण मिटले, असे आपण सहज बोलून जातो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या काढून जाळल्या, त्यामागे हाच विचार होता. कागद डोळ्यांपुढे होता आणि तो जळालेला डोळ्यांनी दिसला. पण त्याच कागदाचे चित्र नखाएवढ्या फिल्मवर उतरवून कुणी आधीच दूर नेऊन ठेवले असेल तर? १९९० साली पूर्व जर्मनीत हा प्रसंग खरोखरच घडला. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आधी ही फिल्म म्हणजे काय ते पाहू. तिला मायक्रोफिल्म म्हणतात. युक्ती जुनीच आहे. १८७० साली जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा रने दाग्रों हा छायाचित्रकार बलूनमध्ये बसून शहराबाहेर पडला आणि लोकांची हजारो पत्रे इवल्याशा फिल्मवर उतरवून कबुतरांबरोबर आत धाडू लागला. पुढे कचेऱ्यांनीही ही युक्ती उचलली. पोस्टकार्डाएवढ्या एका फिल्मवर चोवीस पट लहान केलेली ९८ पाने बसतात. खोलीभर दप्तर एका खणात मावते! जपून ठेवणाराला हे वरदानच, पण नष्ट करणाराच्या मात्र ते नाकी नऊ आणते.

आता बर्लिनकडे वळू. पूर्व जर्मनीचे गुप्तहेर खाते, लोक त्याला ‘स्टासी’ म्हणत, १९५० साली निघाले. १९८९ मध्ये त्याचे पगारी नोकरच सुमारे ९१,००० होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याविषयी काय सांगितले, कोण कुणाच्या घरी गेले, सारे कागदावर. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडली, आणि खात्यात एकच धांदल उडाली. कागद दळणारी यंत्रे कामाच्या ओझ्याने बंद पडू लागली, तेव्हा माणसे हातांनी कागद फाडीत बसली. एर्फुर्ट शहरात ४ डिसेंबरला स्टासीच्या धुराड्यातून निघणारा धूर लोकांच्या डोळ्यांवर आला. शहरातल्या काही बायका पुढे झाल्या, मागून लोक आले आणि कचेरी ताब्यात घेतली गेली. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनच्या मुख्य कचेरीतही जमाव शिरला. फाटक्या तुकड्यांची सुमारे १६,००० पोती हाती लागली. पुढे १९९५ पासून माणसे हे तुकडे हातांनी जुळवीत बसली, आणि पंधरा लाखांहून अधिक पाने पुन्हा उभी राहिली. हाताने फाडलेला कागद म्हणजे नष्ट झालेला कागद नव्हे, हे तेव्हा साऱ्यांना दिसले.

परदेशात हेर पाठविणाऱ्या शाखेची गोष्ट मात्र निराळी. आपली माणसे उघडी पडली तर त्यांचे हाल होतील, असे तिचे म्हणणे. फेब्रुवारी १९९० मध्ये तिला आपले दप्तर आपणच नष्ट करण्याची मुभा मिळाली. माझ्या मते ही मोठीच चूक होती. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हाती काडेपेटी दिल्यासारखे ते झाले. शाखेने काम चोख केले. जूनअखेर जवळजवळ काही उरले नाही.

जवळजवळ! कारण युद्ध पेटले तर कामी यावी म्हणून याच शाखेने आपल्या कार्डांची मायक्रोफिल्म आधी काढून ठेवली होती. कार्डांची रचना मोठी हुशारीची होती. एका संचात माणसाचे खरे नाव आणि एक क्रमांक, दुसऱ्यात तोच क्रमांक आणि टोपणनाव. एक संच चोरीला गेला तरी काही कळू नये. पण फिल्मवर दोन्ही संच होते, आणि ही फिल्म अमेरिकेच्या सी.आय.ए. या हेर खात्याच्या हाती पडली. ती तेथवर कशी पोहोचली याच्या हकिकती जितकी तोंडे तितक्या आहेत. १९९३ मध्ये जर्मन अधिकारी अमेरिकेस जाऊन ती पाहून, हाताने टिपणे घेऊन आले. त्याच साली ‘टोपाझ’ या टोपणनावाने नाटोच्या ब्रसेल्स येथील मुख्यालयातून बातम्या पुरविणारा राइनर रुप्प पकडला गेला. १९९४ मध्ये त्याला बारा वर्षांची सजा झाली. एवढे दप्तर नाहीसे केले, तरी माणूस सापडलाच.

तुम्ही म्हणाल, फिल्म तरी नीट नष्ट करता येते की नाही? येते, पण कागदाची रीत तिला चालत नाही. पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी घ्या. कागदाची असेल तर तिच्यावर एखाददुसरे अक्षर राहील. फिल्मची असेल तर मूळ पानाची बारा सेंटिमीटर रुंदी तिच्यात बसते, भिंगाखाली सरळ वाचून काढावी! म्हणून २०१२ च्या जर्मन मानकात सर्वांत कडक पायरीवर कागदाच्या तुकड्याला ५ चौरस मिलिमीटर चालतात, तर फिल्मच्या तुकड्याला फक्त ०.२. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत तर फिल्म जाळा, आणि पांढरी राख होईपर्यंत जाळा, असेच सांगितले. पण मला विचाराल तर खरी अडचण यंत्राची नव्हे, मोजणीची. फिल्मची प्रत काढणे सोपे असते. किती प्रती निघाल्या आणि कोणती कुठे गेली याची नोंदवही नसेल, तर हातातली फिल्म जाळून काय होणार?

२००० ते २००३ या काळात अमेरिकेने त्या कार्डांची चित्रे ३८१ सी.डी.वर जर्मनीला परत दिली. त्यांत अडीच लाखांहून अधिक माणसांची नावे आहेत. ती सारी हेरांची नव्हेत. ज्यांच्यावर पाळत होती ते, त्यांचे नातेवाईक, नुसते ओळखीचे, सगळ्यांची कार्डे एकाच संचात. कोण कोणत्या कारणाने तेथे आला, हे मूळ दप्तरात लिहिलेले होते. ते दप्तर १९९० मध्येच गेले. त्यामुळे एखाद्या निरपराध माणसाचे नाव त्या संचात निघाले, तर त्याच्या बाजूने दाखवायला कागद नाही.