धुळे तुरुंगातले अठरा रविवार
1932 च्या सविनय कायदेभंगात धुळ्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरला. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारीला, रविवारी, विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे 19 जूनपर्यंत अठरा अध्याय झाले. विनोबा लिहून आणलेले वाचत नसत. साने गुरुजी भराभर उतरवून घेत. ते नसते तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तकच झाले नसते. बाहेर जायला बंदी असलेल्या श्रोत्यांपुढे कर्म करून कर्मापासून मोकळे राहण्याचा विषय निघावा, हा योगायोग मोठा बोलका. विनोबांनी गीतेचा मराठीत केलेला पद्यानुवाद, ‘गीताई’, त्याआधीच, 1931 मध्ये, पुरा झाला होता.

तुरुंगातले असे लेखन मराठीला नवे नव्हते. टिळकांनी ‘गीतारहस्य’ 1910–11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने लिहिले. ते छापून आले 1915 साली. पुढे फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली.