आजोबा बोलायला थांबले, तर?

म्हातारपणी कोण पडणार, हे आधी कळेल का? १९८६ मध्ये मथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी साधी चाचणी काढली. खुर्चीतून उठा, चाला, वळा, परत येऊन बसा. बघणारा १ ते ५ गुण देणार. पण मधले गुण अंदाजपंचेच! म्हणून १९९१ मध्ये कॅनडात पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी सरळ घड्याळ लावलं.

मला मात्र १९९७चा स्वीडनचा प्रयोग जास्त आवडतो. घड्याळही नाही! ५८ वृद्धांशी चालता चालता फक्त गप्पा मारल्या. १२ जण बोलायला थांबले. पुढच्या ६ महिन्यांत त्यातले १० पडले. म्हणजे बघा, चालायला डोकंही लागतं. अर्थात, न थांबलेल्यांपैकीही ११ पडलेच. २०२१ पासून आयफोन हा तोल खिशातूनच मोजतो, गप्पा न मारता.